जुळे सोलापूर ते चाळकेवाडी

जुळे सोलापूर ही शहराच्या दक्षिणेची नवी वसाहत. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या आजोबांचे आयुष्य गेले, त्यांची नातवंडे आज येथून तंत्रनिकेतनात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात जातात. माझी भाची त्यांपैकीच एक. विद्युत शाखेच्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी तिला सातारा जिल्ह्यातील पवनचक्क्यांवर जायचे होते. बहीण म्हणाली, "दादा, पोरीला एकटी कशी धाडू? तुम्ही सोबत जा."

पहाटेच्या एस.टी.ने निघालो. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. पंढरपूर, म्हसवड, दहिवडी मागे टाकीत साताऱ्याला पोहोचलो. तेथून सज्जनगडाच्या बाजूने घाट चढून ठोसेघर आणि त्यापुढे चाळकेवाडीचे पठार. जिकडे पाहावे तिकडे पांढरे मनोरे आणि त्यांची फिरती पाती!

पावसाळी वारे सुरू होण्यापूर्वी येथे दुरुस्तीची घाई असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. म्हणून खऱ्या कमाईच्या महिन्यांत चक्की बंद ठेवणे परवडत नाही. पाती संथ फिरतात. गिअरबॉक्स तो वेग अनेक पटींनी वाढवून जनित्राला देतो. कमरेला पट्टा बांधून भाची मनोऱ्यातील शिडी चढली, तेव्हा माझ्या छातीत धडधडत होते. खाली उतरून ती एवढेच म्हणाली, "मामा, पुस्तकातलं आज हाताला लागलं."

सायंकाळी मात्र वेगळाच धडा मिळाला. खोली पाहायला गेलो. भाडे ठरले, आगाऊ रक्कम काढली, आणि मालकाने आडनाव विचारले. मग खोली "पाहुण्यांसाठी ठेवलेली" निघाली. दुसऱ्या घरी एका म्हाताऱ्या मावशींनी काही न विचारता किल्ली हातात दिली. प्रशिक्षणाची जागा मिळते, पण तेथे राहायचे कोठे, हा प्रश्न आपल्या मुलांना आजही आडवा येतो.

हा उद्योग आता समुद्राकडे वळला आहे. जगातील पहिले सागरी पवनक्षेत्र डेन्मार्कमध्ये विंडेबी येथे 1991 साली 11 चक्क्यांनी सुरू झाले. 2017 साली ते उतरवले गेले. आपल्या केंद्र सरकारने 2024 साली गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॉटसाठी एकूण 7,453 कोटींच्या साहाय्याची योजना मंजूर केली. समुद्रातील चक्कीवर काम करायचे तर उंचीवरील सुरक्षा, आग, प्रथमोपचार यांबरोबर पाण्यात तग धरण्याचेही शिक्षण घ्यावे लागते. ज्यांच्या पूर्वजांना 1927 साली महाडच्या तळ्याच्या पाण्यासाठी लढावे लागले, त्यांच्या लेकींनी आता समुद्राला भ्यायचे का?

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. पाणी आणि वीज यांचे नियोजन त्यांच्याच खात्याकडे होते. 1913 साली ते स्वतः शिष्यवृत्तीवर सातासमुद्रापार शिकायला गेले होते. विजेचा आणि परदेशी विद्येचा वारसा आपल्या घरचाच आहे.

म्हणून पालकांना विनंती, मुलीला प्रशिक्षणाला पाठवा. विहारातल्या मंडळींनो, ज्या गावी आपली मुले जातात तेथील धम्मबांधवांचे पत्ते जमवून ठेवा. एका खोलीवाचून एक अभियंता घरी परतता कामा नये.

जयभीम!