स्नायूंचा निरोप



संप्रेरके तयार करणाऱ्या ग्रंथी कोणत्या, असे विचारले की आमची नववी-दहावीची मुले भराभर सांगतात: पीयूषिका, थायरॉइड, अधिवृक्क, स्वादुपिंड. त्या यादीत स्नायूंचे नाव कोणी घेत नाही. स्नायू म्हणजे ओझे उचलणारे, मुकाट राबणारे, अशीच सर्वसाधारण समजूत. वास्तविक प्रौढ माणसाच्या वजनात स्नायूंचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के असतो. एवढा मोठा अवयव नुसताच राबत नाही, तो बोलतोही, हे गेल्या पंचवीस वर्षांत स्पष्ट झाले आहे.

हे आज लिहिण्याचे कारण असे. यंदाच्या पालकसभेत सूचना आली की दहावीचे पी.टी.चे तास गणिताला द्यावेत. "बाई, एक वर्ष खेळला नाही तर काय बिघडणार आहे?" असे एका पालकांनी विचारले. सूचना काळजीपोटी होती आणि प्रश्नही रास्त होता. विज्ञान आणि शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना वाटले की याचे उत्तर सभेतल्या दोन मिनिटांत देण्यापेक्षा सविस्तर द्यावे.

डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे बेन्टे क्लार्लुंड पेडरसन आणि त्यांचे सहकारी एका कोड्यावर काम करीत होते. व्यायामानंतर रक्तात इंटरल्युकिन-६ नावाचे प्रथिन वाढते. मॅरेथॉननंतर तर ते शंभर पटींपर्यंत वाढू शकते. हे प्रथिन मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींचे, संसर्ग आणि दाह यांच्याशी निगडित असे मानले जाई. मग व्यायामात ते येते कोठून? २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सहा निरोगी पुरुषांनी पाच तास एकाच पायाचा व्यायाम केला. गुडघा पुन्हा पुन्हा सरळ करायचा, दुसरा पाय स्वस्थ ठेवायचा. पायात जाणारे आणि पायातून परतणारे रक्त तपासले, तेव्हा राबणारा पायच हे प्रथिन रक्तात सोडत असल्याचे दिसले. माणूस तोच, हृदय तेच, फरक फक्त कामाचा. प्रयोग कसा रचावा हे शिकण्यासाठी विद्यार्थ्यांनी यावर जरूर विचार करावा.

स्नायूंनी सोडलेल्या अशा प्रथिनांना २००३ साली या गटाने 'मायोकाइन' हे नाव सुचविले. ग्रीक भाषेत 'मायो' म्हणजे स्नायू आणि 'काइन'चा संबंध हालचालीशी. स्नायूतील साखरेचा साठा कमी असेल तर इंटरल्युकिन-६ अधिक सुटते. जणू शिधा संपत आल्याची वर्दीच! शिवाय व्यायामात त्याच्यामागोमाग दाह शमविणारी द्रव्येही रक्तात वाढतात. म्हणजे द्रव्य एकच, पण प्रसंगानुसार त्याचा अर्थ बदलतो.

हा निरोप पोहोचला नाही तर काय होते? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोटाचा घेर वाढलेल्या लोकांकडून १२ आठवडे सायकलचा व्यायाम करवून घेतला. काहींना इंटरल्युकिन-६ चे काम अडविणारे औषध दिले. ज्यांना ते दिले नव्हते त्यांची पोटातील अवयवांभोवतीची चरबी घटली. ज्यांना दिले त्यांची घटली नाही, जरी सायकल दोघांनीही चालवली होती.

अभ्यासाशी संबंध विचाराल, तर २०१६ साली कॅथेप्सिन-बी या प्रथिनावर काम झाले. धावणाऱ्या उंदरांत ते वाढले. ज्या उंदरांत ते तयारच होत नव्हते, त्यांच्या स्मरणशक्तीला धावण्याचा लाभ मिळाला नाही. चार महिने ट्रेडमिलवर व्यायाम करणाऱ्या तरुणांतही या प्रथिनाची वाढ आणि स्मरणशक्ती यांचा संबंध आढळला. याचा अर्थ चार फेऱ्या मारल्या की गणितात चार गुण वाढतील, असा मात्र नव्हे. या क्षेत्रात घाईही झालेली आहे. २०१२ साली गाजलेल्या आयरिसिन या मायोकाइनच्या मोजमापावरून शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. नवे विज्ञान असेच गाळून-पाखडून घ्यावे लागते.

तरी एक गोष्ट पक्की. व्यायाम थांबला की इंटरल्युकिन-६ ची पातळी लवकरच उतरू लागते. हा निरोप साठवून ठेवता येत नाही. दहावीचा मार्चमध्ये आणि सुट्टीतला आगाऊ, असे चालत नाही. स्नायू काम करील तेव्हाच बोलेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची बऱ्यापैकी दमवणारी हालचाल सांगितली आहे. आठवड्याचे दोन तास त्यापुढे किती थोडे आहेत, ते पाहावे.

बडोद्याच्या मराठी घरांना हे पटवून द्यायला नको. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे आणि प्रा. माणिकरावांचे नाव आजोबांकडून ऐकले नाही असे घर विरळाच. त्या पिढीला मायोकाइन हा शब्द ठाऊक नव्हता. अंग मोडून मेहनत केली की भूक आणि झोप चांगली लागते, एवढे अनुभवाने माहीत होते.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे, दहावीचे हे दोन तास राहू द्यावेत. गणितासाठी आम्ही शाळा सुटल्यावर थांबायला तयार आहोत. आणि घरी मुलगा किंवा मुलगी संध्याकाळी सायकल काढून कमाटीबागेकडे निघाली, तर "आधी पुस्तक उघड" म्हणण्यापूर्वी अर्धा तास थांबावे.