खोड सांगून विकलेला सर्व्हर

वापरलेला सर्व्हर विकायला काढला की पहिला प्रश्न येतो, "लाइट किती खातो?" दुसरा येतो, "आवाज किती करतो?" तिसरा डिस्कचा. किमतीवर गाडी यायला अर्धा तास जातो. मोबाइल विकताना असं होत नाही, तिथे समोरचा आल्या आल्या "फायनल किती?" विचारतो. पण घरी सर्व्हर ठेवणारी माणसं ही वेगळीच जमात आहे. ती आधी मशीनची विचारपूस करतात आणि मग पैशांची.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षं झाली की आपले सर्व्हर काढून टाकतात. मशीन बिघडलेलं असतं म्हणून नव्हे, तर वॉरंटी संपलेली असते आणि हिशेबात त्याची किंमत शून्य झालेली असते म्हणून. मग ते लिलावातून, भंगारवाल्यांकडून फिरत फिरत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात येतात. आमच्यासारखे हौशी लोक ते पाव किमतीत घेऊन घरी लावतात, त्यावर लिनक्स टाकतात, मोडतात, पुन्हा टाकतात. घरातला असा प्रयोगाचा कोपरा म्हणजे होमलॅब. आमचा कोपरा धसईत, मुरबाड तालुक्यात, गोरखगडाच्या वाटेवरच्या गावात होता. दोन कौलं काढून तिथे काच बसवलेल्या माळ्याखाली.

मशीन मी २०१९ च्या दिवाळीनंतर २४,००० रुपयांना घेतलं. झिऑन ई५-२४३०, सहा कोअर, ८ जीबीच्या सहा रॅम म्हणजे ४८ जीबी, आणि नंतर घातलेल्या ४ टीबीच्या चार डिस्क. वजन तीस किलोच्या आसपास. कंपनीचं नाव असलेलं समोरचं झाकण दुकानातच गायब होतं, त्यामुळे घरी त्याला कोणी नावाने ओळखलंच नाही. आई "पेटी" म्हणायची. पावसाळ्यात पेटीच्या मागून येणाऱ्या गरम हवेवर ती काडेपेट्या आणि मिठाची बरणी ठेवायची. सर्व्हरचा हा उपयोग कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

घेण्याचं खरं कारण मात्र हौस नव्हतं. बाबांचं झेरॉक्सचं दुकान आहे. २०१९ च्या जुलैत, ज्या पावसात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली होती, त्याच पावसात आमच्याकडच्या पाड्यांवर कितीतरी घरांतली कागदपत्रं भिजून लगदा झाली. रेशनकार्ड, जातीचा दाखला, सातबारा, शाळेचा दाखला. पुढचे दोन महिने लोक दुकानात येऊन विचारत होते, "मागे झेरॉक्स काढली होती, तुमच्याकडे राहिली असंल का?" राहिली नव्हती. तेव्हापासून बाबा विचारायला लागले, स्कॅन ठेवून देऊ का? जवळपास सगळे हो म्हणायचे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छपराच्या वाशाला बांधलेल्या कागदापेक्षा दुकानातली पेटी बरी, हा साधा हिशेब होता.

म्हणजे माझा होमलॅब हा गावाचा पेटारा झाला. डिस्कच्या दोन जोड्या केल्या, प्रत्येक जोडीत एकीवर लिहिलेलं तसंच्या तसं दुसरीवर. अर्थिंगसाठी परसात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, कारण सह्याद्रीच्या पायथ्याशी वळवाच्या दिवसांत वीज कशी पडते हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. लाइट गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर संपत आला की पेटी आपणहून बंद. ही आपणहून बंद होण्याची व्यवस्था जमवायला मला तीन आठवडे लागले. आज ज्या नोकरीवर मी रोज कल्याणहून ऐरोलीला जातो, ती नोकरी त्या तीन आठवड्यांनी लावली असं मी मानतो. मुलाखतीत त्यांनी पदवीबद्दल एक प्रश्न विचारला आणि पेटीबद्दल वीस.

मग विकला का? बिलामुळे. पेटी नुसती बसून ९५ वॉट खायची. ९५ वॉट गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, म्हणजे महिन्याला ६८ युनिट. घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढचा टप्पा लागला की दर कसा चढतो ते बिल भरणाऱ्यांना ठाऊक आहे. एक जुना, डब्याएवढा ऑफिसातला संगणक घेतला, तो १२ वॉटवर तेच काम करतो. महिन्याला नऊ युनिटही नाहीत. शिवाय पडवीचे पत्रे बदलायचे होते, ते पावसाच्या आधी. म्हणून २०२५ च्या मे महिन्यात मी ओळखीच्या होमलॅबवाल्यांत शब्द टाकला: चार डिस्कसकट २०,०००.

इथे आजोबांची आठवण काढणं भाग आहे. आमच्या तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते, म्हशाची जत्रा, आणि तिथला बैलबाजार नावाजलेला. आजोबांनी तिथे उभा जन्म बैल घेतले-विकले. बाजारातला भाव उपरण्याखाली हातात हात घालून, बोटं दाबून ठरायचा. बाजूच्याला कळायचा नाही. पण बैलाची खोड उघड सांगायची असा त्यांचा नेम होता. मारका आहे, बुजरा आहे, की नांगराला जुंपल्यावर बसकण मारणारा बशा आहे. यात साधुत्व काही नव्हतं. घेणारा पुढच्या पौषात पुन्हा त्याच मैदानात भेटणार होता, एवढंच.

सर्व्हरचं तसंच आहे. बैलाचे दात बघतात, दोन दाती, चार दाती, जुळलेला. तसे डिस्कचे तास बघतात. प्रत्येक डिस्क आपण किती तास चालू होतो याची नोंद स्वतःच ठेवते. माझ्या डिस्कचे ४१,००० तास झाले होते, म्हणजे पावणेपाच वर्षांच्या आसपास. पण दात कानसून बैल तरुण दाखवणारेही असतात. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या कितीतरी डिस्क हजारो तास वापरलेल्या निघाल्या. वरची नोंद कोणीतरी पुसून शून्यावर आणली होती. त्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाची आणखी एक खोलातली नोंद असते, ती पुसायची राहिली म्हणून चोरी सापडली.

तर मी खोडी लिहूनच काढल्या. एक, रॅमच्या सहा जागांपैकी एक जागा आजारी. सर्व्हरची रॅम ईसीसी असते, म्हणजे एखादा बिट उलटला तर ती स्वतः दुरुस्त करते आणि वहीत नोंद करते. त्या एका जागेच्या नोंदी महिन्याला पाच-सहा होत होत्या. साध्या संगणकात असं झालं असतं तर कळलंसुद्धा नसतं. दोन, बाहेरचं कुठलंही कार्ड लावलं की पंखे कोकलत सुटतात. तीन, चौथ्या डिस्कने आठ सेक्टर बाद केलेत.

गिऱ्हाइकं तीन आली. पुण्याचा एकजण, त्याला कुरियरने हवा होता. तीस किलोची पेटी, आतली डिस्क हिंदकळणार, ते जमलं नाही. बदलापूरच्या माणसाकडे याच जातीचा सर्व्हर होता, पॉवर सप्लाय गेलेला. त्याला सुटे भाग हवे होते, न बघता १९,००० द्यायला तयार. आणि तिसरा किन्हवलीकडचा, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा पोरगा. त्याची उडी १५,००० च्या पुढे जात नव्हती.

व्यवहार म्हणून बदलापूरवालाच बरोबर होता. सुटे भाग करणं यात मला काही पाप वाटत नाही. एका मेलेल्या मशीनला जगवायला दुसरं खोललं, तर वाईट काय? अडलं ते आठ सेक्टरांवर.

डिस्क विकण्याआधी ती पूर्ण पुसतात, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निरर्थक काहीतरी लिहितात. ४ टीबीच्या एका डिस्कला सात-आठ तास लागतात. चारही पुसून झाल्या होत्या. पण डिस्क जेव्हा एखादा खराब सेक्टर बाद करते तेव्हा त्याच्या जागी राखीव साठ्यातला दुसरा देते आणि जुना बाजूला टाकते. आपण नंतर कितीही लिहा, ते नव्या जागेवर जातं. जुन्या जागेवर शेवटचं जे होतं ते तसंच राहू शकतं. डिस्कला स्वतःला पुसून घ्यायची एक आज्ञा असते, तिने या बाद जागाही साफ व्हायच्या असतात. झाल्या की नाही हे बाहेरून बघता येत नाही. एका सेक्टरमध्ये ४,०९६ बाइट. आठ म्हणजे ३२ केबी. आधार क्रमांकाला बारा लागतात. आणि २०१९ साली लावलेल्या या डिस्कवरचा मजकूर एन्क्रिप्ट केलेला नव्हता.

"अरे भाऊ," बदलापूरवाला फोनवर म्हणाला, "मी काय तुझ्या गावाचे दाखले वाचत बसणारे का?"

नसताच बसला. मला त्याच्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती, आजही नाही. ते आठ सेक्टर वाचायला लागणारी उठाठेव कोणी केली नसती. पण दुकानात येऊन "ठेवा तुमच्याकडं" म्हणणाऱ्या बाईने ते माझ्या अंदाजावर ठेवले नव्हते. तिला विचारायला जावं तर सेक्टर म्हणजे काय इथपासून सुरुवात. मी म्हटलं, चौथी डिस्क मिळणार नाही. तो म्हणाला, मग १६,०००. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. आणि सोळा आणि पंधरात हजाराचाच फरक उरला, तेव्हा मी किन्हवलीच्या पोराला ये म्हटलं. आपली पेटी कुठेतरी अखंड चालू राहील, हा मोह हजार रुपयांना महाग वाटला नाही.

तो सरळगावमार्गे बाइकवर आला, सोबत पेनड्राइव्ह. "दादा, रात्रभर टेस्ट लावू का?" आजोबांच्या भाषेत, जुंपून बघू का. लावली. पोरगा पडवीत झोपला, आईने त्याला दोनदा चहा दिला. सकाळी त्याने नोंदवही उघडली, आजारी जागेच्या तीन नव्या नोंदी मोजल्या, आणि म्हणाला, "सांगितलं होतं तेवढंच आहे." मग शांतपणे त्यासाठी १,५०० कापले. सांगितलेल्या खोडीचेही पैसे कापायचे! मला राग यायला हवा होता. पण त्याचं बरोबर होतं, त्याला सहाऐवजी पाचच रॅम लावता येणार होत्या. १३,५०० ला सौदा झाला.

पैसे देताना त्याने १०,००० यूपीआयने टाकले आणि उरलेल्या ३,५०० च्या नोटा खिशातून काढल्या. घरच्या भेंडीचे पैसे, पहाटे गाडी भरून दिल्यावर हातात आलेले. बाबांना हसू आवरेना. १ डिसेंबर २०१६ रोजी, नोटबंदी होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, आमचं धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं. पाहुणे, कॅमेरे, वडापाववाल्यापर्यंत स्वाइप मशीन. बाबांनी नोटा दोनदा मोजल्या आणि गल्ल्यात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला. जाताना मी त्याला एकच बजावलं, आधी अर्थिंगचा खड्डा, मग बटण. पत्र्यांना वरून आणखी पैसे घालावे लागले, पण पहिल्या पावसाआधी ते चढले. पेटी नेल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला; पंख्यांचा आवाज कमी करायचा एक मार्ग त्याने शोधून काढला होता, जो मला सहा वर्षांत सापडला नव्हता. तो त्याने मला अर्धा तास समजावून सांगितला. माझ्याकडे आता ते मशीन नाही हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

चौथी डिस्क मी खोलली. आतल्या आरशासारख्या चकत्यांवर दोन्ही बाजूंनी कानस फिरवली आणि ड्रिलने भोकं पाडली. बाबांनी त्या भोकांतून सुतळी ओवली आणि परसातल्या काकडीच्या मांडवाला टांगल्या. पाखरं बिचकतात म्हणे.