आडवं आठ

कीबोर्डला चित्र लावणं हा मला रिकामटेकड्यांचा उद्योग वाटायचा. भाचीला तसं तोंडावर बोलूनही दाखवलं होतं.

मॅकवर मी दोन कळफलक स्वतः बनवून घेतलेत. ‘युकेलेली’ हा मोफत प्रोग्राम त्याला पुरतो. एक मराठीचा, म्हणजे इनस्क्रिप्टच, फक्त ‘ऍ’च्या कळेवर ‘ॲ’. (हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये थेट २००८ साली आला, तोवर आपण ‘ऍ’वर भागवलं.) दुसरा रोमन, संस्कृत शब्दांच्या लिप्यंतरासाठी, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं देणारा. कुठली कळ कुठे, यावर मी आठवडे घालवले. चित्र मात्र कुणालाच दिलं नाही. त्यामुळे मेनूपट्टीत दोघांसाठी तोच एक काळा कीबोर्ड.

“मामा, कुठला चालू आहे ते तुला कळतं कसं?”

“बोटांना कळतं,” मी म्हणालो. वर जरा हसलोही.

पुढे एकदा हस्तलिखितावर डोळे ठेवून अख्खं पान टंकलं आणि मान वर केली, तर ‘मराठी’च्या जागी सी, जे, ई, दुहेरी अवतरणचिन्ह, आर. पानभर हेच. बोटांचं काही चुकलं नव्हतं. ‘म’ सीवर आहे, ‘र’ जेवर, त्यांनी बरोबर तिथेच दाबलं होतं. पलीकडे कोण ऐकतंय, हे बोटांना कुठून कळणार?

मुकाट्यानं चित्र करायला बसलो. जागा सोळा बाय सोळा पिक्सेल. ‘मराठी’ अख्खं लिहिलं तर शिरोरेघेखाली नुसती काजळी. ‘ॲ’ घेतला तर चंद्राचंच टिंब झालं, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप त्याचंच! शेवटी ‘ळ’. काळा ‘ळ’ पट्टी गडद झाली की दिसेना, म्हणून किरमिजी चौकोनावर पांढरा. चित्राच्या फाइलला कळफलकाच्या फाइलचंच नाव हवं, फोल्डरही तोच हवा, आणि मग लॉग-आउट करून पुन्हा आत यायचं. पहिल्या खेपेला नावात एक स्पेस जास्त पडली होती, तर आत आल्यावर पुन्हा तोच काळा कीबोर्ड हजर.

दुसऱ्या खेपेला जमलं. आता परिच्छेद सुरू करण्याआधी नजर आपोआप वर जाते. भाची आली तेव्हा मी होऊन तिला दाखवलं.

“छान आहे,” ती म्हणाली, “पण आडवं आठ का लावलंस?”