मापाचें यंत्र

तयार कपडे विकत घेणारे आणि शिंप्याकडे जाऊन माप देणारे, असे माणसांचे दोन वर्ग मला फार दिवसांपासून दिसत आले आहेत. पहिल्या वर्गाला कपड्याची घाई असते. दुसऱ्याला आपल्या खांद्यांची माहिती असते. माप द्यावयाचें म्हणजे आपलें पोट, आपली पाठ आणि आपली चालण्याबसण्याची संवय एका परक्या माणसापुढें निमूटपणें कबूल करावी लागते. सुटे भाग निवडून जो संगणक जुळवावयाचा, त्याचीहि गोष्ट अगदीं अशीच आहे. दुकानदार प्रथम एकच प्रश्न विचारतो, "काम काय करणार?" आणि या प्रश्नाचें खरें उत्तर फार थोड्यांपाशीं तयार असतें.

माझ्या भाच्यापाशीं तें होतें. तो बदलापुरास छायाचित्रकाराचा व्यवसाय करतो. लग्नें, मुंजी आणि बारशीं यांवर त्याचा चरितार्थ चालतो. परंतु त्याचें मन रमतें तें जुनीं, खराब झालेलीं छायाचित्रें दुरुस्त करण्यांत. असल्या चित्रांची आमच्या भागांत वाण नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदी बदलापुरांत शिरली, तेव्हां धान्याबरोबर घरोघरचे अल्बमहि भिजले. छायाचित्राच्या कागदावरील थर जिलेटिनचा असतो. पाण्यानें तो फुगतो, मऊ होतो आणि वाळतांना समोरच्या पानाला किंवा चौकटीच्या कांचेला चिकटून बसतो. मग पान उलटावें तर अर्धा चेहरा पानाबरोबर निघून येतो! पुढें २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरांत अडकली, ती बातमी साऱ्या देशानें वाचली. घराघरांतून वाहून गेलेल्या चेहऱ्यांची बातमी मात्र कोणी छापीत नाहीं.

दोन स्टेशनें पलीकडे उल्हासनगरांत दुःख निराळें आहे. कल्याणच्या लष्करी छावणींतील बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ सालीं त्या वस्तीला उल्हासनगर हें नांव मिळालें. घर, जमीन आणि दुकान मागें टाकून आलेल्या माणसाच्या पेटींत एखादें छायाचित्र असलें, तर तेंच त्याचें वतन. त्याची दुसरी प्रत नाहीं, आणि काढविणारा छायाचित्रकारहि सीमेपलीकडे राहिला.

२०२५ सालच्या अखेरीस आम्ही मामा-भाचे खरेदीस निघालों. अर्धे पैसे माझे असल्यामुळें सल्ला देण्याचा हक्क मला आपोआपच प्राप्त झाला होता. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावें आणि लॅमिंग्टन रोडवर जावें, हा रूढ मार्ग. परंतु यंत्र नादुरुस्त झालें तर तें उचलून एवढें लांब कोण नेणार? म्हणून उल्हासनगरांतलेंच एक दुकान आम्हीं पसंत केलें. जीनच्या पाटलोणी आणि लांकडी सामान जुळविण्यांत ज्या गांवाचा हातखंडा, त्यानें संगणकहि जुळवावा यांत नवल तें काय?

आमच्या यादींतील पहिली गरज हिशेबानेंच ठरली. चार इंच रुंद व सहा इंच उंच छायाचित्र दर इंचास १२०० बिंदू या मानानें स्कॅन केलें, म्हणजे ४८०० गुणिले ७२००, सुमारें साडेतीन कोटी बिंदू होतात. प्रत्येक बिंदूला तीन रंग आणि प्रत्येक रंगाला दोन बाइट धरले, कीं एका थराला वीस कोटींहून अधिक बाइट लागतात. दुरुस्तीचें काम असें दहा-दहा थर एकावर एक ठेवून चालतें. म्हणजे एकाच चित्रानें दोन जीबी रॅम व्यापली. म्हणून ३२ जीबी रॅम आणि तीहि १६-१६ च्या दोन पट्ट्यांत घ्यावयाची. एकच पट्टी लावली तर प्रोसेसरकडे जाणारी दुसरी वाट रिकामी पडून राहते. पण दुकानदारानें रॅमचा भाव सांगितला आणि आम्ही चमकलों. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांसाठीं जगांतल्या बड्या कंपन्यांनीं तिची एवढी मागणी केली होती, कीं त्या काळांत किमती भराभर चढत होत्या.

बाकीच्या वस्तूंत फारसा खल झाला नाहीं. प्रोसेसर असा घेतला, कीं ज्याच्या पोटांतच पडद्यावर चित्र दाखविण्याची सोय आहे. चालू कामासाठीं एनव्हीएमई जातीची एसएसडी, आणि सांठवणीसाठीं स्वस्त, संथ पण मोठ्या पोटाच्या दोन हार्ड डिस्क ठरल्या; त्यांतली एक बदलापुरांत वरच्या मजल्यावर आणि दुसरी माझ्याकडे अंबरनाथला. पूर एका रात्रींत दोन्ही घरांच्या माळ्यांवर चढेल, असें वाटत नाहीं. एसएमपीएसच्या बाबतींत मात्र भाच्यानें एक पैचीहि काटकसर केली नाहीं. वीज कमीजास्त झाली कीं हा नगण्य दिसणारा डबाच आधीं तिचा तडाखा सोसतो, आणि तोच फुसका असला तर आपल्याबरोबर साऱ्या घरादाराला घेऊन बुडतो.

खरा वाद पेटला तो शेवटीं. उरलेल्या पैशांत एक तर मोठें ग्राफिक्स कार्ड येत होतें, नाहीं तर उत्तम मॉनिटर आणि त्याचे रंग मोजणारा कॅलिब्रेटर. दोन्ही येत नव्हतीं. दुकानदाराचा कल कार्डाकडे होता, आणि मीहि त्याच्याच बाजूचा. आजचे प्रोग्राम या कार्डाच्या जोरावर चित्रांतला फाटका भाग स्वतःच भरून काढतात; चार दिवसांचें काम चार मिनिटांत होतें. मी म्हटलें, "अरे, तुझे डोळे वाचतील." त्यावर तो म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणतां तें खरें आहे. पण मला त्याचीच भीति वाटते."

त्या भीतीचें कारण त्यानें मला गाडींत सांगितलें. उल्हासनगरच्या एका वृद्ध सिंधी बाईंनीं त्याच्याकडे शिकारपुरांत काढलेलें आपल्या भावाचें चित्र आणून दिलें होतें. भाऊ लहानपणींच गेला. एवढीच त्याची खूण उरली होती. डावा डोळा आणि ओठांची एक कड पार नाहींशी झाली होती. भाच्यानें एका मित्राच्या यंत्रावर तो प्रोग्राम चालविला, आणि पाहतां पाहतां डोळा उमटला, ओठ जुळले, एक देखणा मुलगा समोर हंसूं लागला. बाईंनीं तें चित्र पाहून डोळे पुसले आणि "हाच तो," म्हणाल्या. त्या नाराज झाल्या असत्या तर बरें झालें असतें, असें भाचा म्हणाला. पाऊणशें वर्षांत ज्याचा चेहरा पुसट झाला होता, त्याच्या जागीं आतां यंत्रानें रचलेला चेहरा त्यांच्या मनांत कायमचा बसला. त्यानें मग बाईंना सारें समजावून सांगितलें. डाग काढलेलें, पण गेलेला भाग तसाच मोकळा ठेवलेलें दुसरें चित्रहि दिलें. बाईंनीं दोन्ही ठेवून घेतलीं. भिंतीवर कोणतें लागलें, हें विचारण्याचा त्याला धीर झाला नाहीं.

त्यानंतर मीं मॉनिटरला विरोध केला नाहीं. अंबरनाथचें शिवमंदिर माझ्या घरापासून दूर नाहीं. तें १०६० सालचें, शिलाहारांच्या काळांतलें. त्याच्या भिंतींवरच्या कितीएक मूर्तींचीं नाकेंडोळीं ऊनपावसानें झिजून गेलीं आहेत. तरी तेथें सिमेंटचीं नवीं नाकें बसवावीं असें कोणाहि शहाण्याला वाटत नाहीं. जें उरलें आहे तें नीट दिसावें, एवढीच आपली अपेक्षा असते. चांगला मॉनिटर हेंच करतो. त्यावर राखाडी रंग राखाडीच दिसतो, निळसर किंवा तांबूस होत नाहीं. सावलींत दडलेली भुवईची रेघ, जी साध्या पडद्यावर काळ्या डागांत मिसळून जाते, ती येथें हाताला लागते. ती रेघ खरी असते, आणि असल्या चार रेघा सांपडल्या कीं माणूस ओळखूं येतो.

एका गोष्टीचें मात्र मला अजून हंसूं येतें आणि थोडा रागहि. चेहरे रचणाऱ्या दूरदेशींच्या यंत्रांची भूक एवढी वाढली, कीं चेहरे जपणाऱ्या बदलापूरच्या एका पोराला दोन पट्ट्या रॅमसाठीं जादा दाम मोजावे लागले. त्यानें ते मुकाट्यानें मोजले. त्याच्या मदरबोर्डावर ग्राफिक्स कार्डाची खांच आज रिकामी आहे. पुढें गरज पडली तर तेंहि बसवूं, असें तो म्हणतो, आणि तसें तो करीलहि. हत्यार वाईट नसतें. पण आधीं पाहावयास शिकावें आणि मग भरावयास, हा त्यानें लावलेला क्रम मला पटला आहे.