आधी गावाची वंशावळ

पालघर-बोईसर भागात मोडी कागद वाचून देणं हे माझं काम. पूर्वी माझ्याकडे येणारे बहुतेक जण जमिनीच्या वादातले असत. आता 'आमचे मूळ पुरुष कुठून आले' असं विचारणारेही येतात. काहींना नुसती हौस असते, काहींना जात पडताळणी. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. मग ज्यांचा फोटोही घरात नाही असे पणजोबा एकाएकी फार मोलाचे होतात.

मंडळी पणजोबांचं नाव सांगू लागली की मी थांबवतो आणि गाव विचारतो. ते गाव आज कुठल्या तालुक्यात आहे, १९६० पूर्वी कुठे होतं, इंग्रजी अमलात कुठे होतं, हे आधी मांडून घेतो. कुटुंब बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जातं, पण त्याची नोंद जिथे झाली तिथल्याच रुमालात बांधलेली राहते.

आता पालघरचंच बघा. जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्याआधीचं सगळं ठाण्यात. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये पालघर तालुका शोधाल तर सापडणार नाही. तेव्हा तालुका होता माहीम, म्हणजे आपलं केळवे-माहीम. कागदावर नुसतं 'माहीम' वाचून शिवाजी पार्काच्या आसपास चौकशी करून आलेले लोक मला भेटलेत. तारापूर आणि चिंचणी ही नावं तर जोडीनेच घेतली जातात, पण आज तारापूर पालघर तालुक्यात आणि चिंचणी डहाणू तालुक्यात. जव्हारकडून किनाऱ्याला उतरलेल्यांचं आणखी निराळं. जव्हार हे मुकण्यांचं संस्थान, १९४८ मध्ये विलीन झालं. त्याआधीची नोंद ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत शोधणं व्यर्थ.

सगळ्यात मोठा घोळ उंबरगावचा. १ मे १९६० ला ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचा बराचसा भाग गुजरातेत गेला. तिथली गावं आधी सुरत जिल्ह्यात आली, मग वलसाडमध्ये. तलासरीकडचा भाग महाराष्ट्रात राहिला. 'आमचे आजोबा गुजरातमधून आले' असं सांगणाऱ्या काही घरांचे आजोबा प्रत्यक्षात एका जिल्ह्यातल्या एका गावातून दुसऱ्या गावात आले होते, एवढंच. परप्रांतीय ठरवण्याची आज सगळ्यांना भारी घाई असते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

गाव पक्कं झालं की कागद. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात जन्मगाव आणि आधीची शाळा असते, स्थलांतराचा माग त्यातच लागतो. मग फेरफार. जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसतं. 'रामा बिन गणू' म्हणजे गणूचा मुलगा रामा. आडनावावरून शोधणारा तिथेच अडतो. पेशवाई कागदावर सन अरबी शब्दांत: 'इसन्ने खमसैन मया व अलफ' म्हणजे ११५२. त्यात ५९९ मिळवले की १७५१, म्हणजे १७५१-५२ हे साल. त्याच्याही मागे जायचं तर भाषाच बदलते. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये घेतला. त्यानंतरच्या कागदांसाठी पुण्याचं पेशवे दफ्तर, आधीच्यांसाठी गोवा, लिस्बन आणि पोर्तुगीज भाषा.

वाडवळ घरांत गेलो की राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापलेली महिकावतीची बखर पुढे येते. राजा बिंबाबरोबर आलेल्या कुळांत आपलं कूळ आहे, असा विश्वास असतो. बखर मोलाची आहे यात वाद नाही. पण तीत निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हातांनी लिहिलेली प्रकरणं एकत्र आली आहेत, आणि तिच्यातलं कूळ ते तुमचे खापरपणजोबा यांच्यामध्ये शेकडो वर्षांची मोकळी जागा आहे. ती जागा मी भरून देत नाही. कुणी भरून दिलीच, तर पैसे देण्याआधी कागद दाखवायला सांगा.

ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांचं काय? वारली कुटुंबांची नावं कितीदा तरी कूळकायद्यानंतर, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाच्या निमित्ताने झालेल्या फेरफारांतच पहिल्यांदा दिसतात. उलट तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठली. अशा वेळी भूसंपादनाचा निवाडा होतो. त्यात खातेदार, हिस्से, झाडंसुद्धा मोजलेली असतात. गाव मोडताना सरकार जितक्या बारकाईने लिहितं, तितकं गाव नांदताना कधीच लिहीत नाही.

आणि बायका. फेरफारात बाई येते ती बहुतेक वारस म्हणून, 'कोम अमुक', म्हणजे अमक्याची बायको. तिचं माहेर कुठेच नसतं. वास्तविक एका गावातून दुसऱ्या गावात माणसं आणणारा सगळ्यात जुना रस्ता लग्नाचा, आणि नेमका तोच दप्तरात नाही. तो फक्त घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक असतो. तेव्हा भाऊबीजेला आत्या, मावशी, आजी घरी जमतील तेव्हा त्यांच्या आईचं आणि आजीचं माहेर कुठलं, ते विचारून वहीत लिहून ठेवा. ते गाव कुठल्या तालुक्यात होतं, ते शोधायला मग माझ्याकडे या.