बटव्याचे तोंड

दप्तर, पानसुपारीची कप्प्यांची चंची, कमरेला खोचलेला बटवा अशा पिशव्या मराठी घरातल्या माणसाला वयाच्या टप्प्याटप्प्यावर सोबत करीत आल्या आहेत, आणि आता मोबाइलच्या लहरी अडवणारी, घरीच शिवलेली थैली त्यांच्यात येऊन बसली आहे. जुन्या पिशव्या वस्तूला लोकांच्या नजरेपासून झाकत; ही थैली फोनधारकाचा ठावठिकाणा झाकते, कारण चालू फोन कोणाशी बोलत नसतानाही जवळच्या मनोऱ्याकडे अधूनमधून आपली नोंद करीत राहतो.

या थैलीमागचे तत्त्व मायकेल फॅरेडे याने १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखविले. चहूबाजूंनी धातूने वेढलेल्या १२ फुटी चौकोनी खोलीला बाहेरून कितीही विद्युतभार दिला, तरी आतल्या उपकरणांना त्याचा मागमूस लागला नाही. फॅरेडे उमेदवारीच्या काळात पुस्तकबांधणी शिकलेला होता, तेव्हा सुई-दोरा त्याला परका नसावा.

थैलीसाठी तांबे व निकेल यांचा मुलामा दिलेले कृत्रिम धाग्याचे कापड वापरतात. सुईची भोके तिथे फारशी नडत नाहीत, कारण मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. नडते ती लांबट फट. शिवणीत कापडाचे दोन काठ एकमेकांना नीट टेकले नाहीत, तर त्या रेषेतून लहरी निसटतात, म्हणून काठ एकमेकांत दुमडून त्यावर दोनदा टीप मारावी लागते. बटव्याची नाडी इथे कुचकामी ठरते: नाडी ओढल्यावर मधोमध उरणाऱ्या भोकातून नाणे पडत नाही, लहर मात्र पडते. त्यामुळे तोंड दोन-तीन वेळा गुंडाळून, वेलक्रो त्या घडीच्या बाहेर लावणे बरे, कारण आत लावलेला वेलक्रो धातूला धातूपासून दूर ठेवतो.

लहरींची घट डेसिबलमध्ये मोजतात. ३० डेसिबल म्हणजे शक्तीचा हजारावा भाग शिल्लक राहणे, आणि ६० म्हणजे दशलक्षावा. हजारावा भागही फोनला पुरेसा होऊ शकतो, म्हणून गावाबाहेर मुकी राहणारी थैली मनोऱ्याखाली खणखणते. फोनचा ध्वनिग्राहक तर थैलीत बंद होतच नाही. तिथे टिपलेला आवाज फोन बाहेर आल्यावर पाठवू शकतो. शिवाय मनोरा सापडेना म्हणून फोन अधिक जोराने हाका मारीत राहतो, आणि थैलीतून काढला की बॅटरी नेहमीपेक्षा उतरलेली दिसते.