सहा नंबरचा संगणक

वार्तापत्रासाठी 'संगणक कक्षाच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल लिहा' असे बाईंनी सांगितले. उद्घाटन, नारळ, पाहुणे हे सगळे जुन्या अंकांत आलेलेच आहे. मी सहा नंबरच्या संगणकाबद्दल लिहितो. ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिलेली नाही.

सन २००३ मध्ये एका कचेरीने बदललेले आठ जुने संगणक आपल्या शाळेला मिळाले. बडोद्यात तेव्हा घरोघरी संगणक नव्हते, त्यामुळे जुने का असेनात, मुलांना त्यांचे अप्रूप होते. विकतची प्रणाली घ्यायला पैसे नव्हते. संगणकाच्या मासिकासोबत आलेल्या सीडीवरून मी सगळ्यांवर लिनक्स घातले. ते आठही संगणक एकाच काळ्या कोअॅक्सियल केबलने जोडलेले होते. प्रत्येक संगणकाच्या मागे इंग्रजी टी अक्षरासारखा जोड आणि केबलच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमची टोपणे. या पद्धतीत एक गंमत असते. एक टोपण निघाले किंवा मध्येच केबल सुटली, की एकटा संगणक नाही, सगळी रांगच मुकी होते. आठवीतल्या एका मुलाने एकदा कुतूहलाने ते टोपण काढून पाहिले होते आणि अख्ख्या वर्गाचा तास बुडाला होता. त्यामुळे त्याचे नाव माझ्या डोक्यात आधीच होते, हे कबूल करतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्याच मुलाने मला विचारून सहा नंबरचे झाकण उघडले होते. आत काय असते ते त्याला बघायचे होते. सुट्टीनंतर शाळा उघडली आणि सहा नंबर नेटवर्कवर येईना.

मी माझ्या परीने शोध घेतला. आयएफकॉन्फिग आज्ञा दिली, तर कार्ड चालू दिसे. संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्याला पिंग केले, तर उत्तर येई. मी समाधान मानले. पण स्वतःला मारलेली हाक कार्डापर्यंत जातच नाही, प्रणाली ती आतल्या आतच परत फिरवते, हे तेव्हा माझ्या ध्यानात नव्हते. दुसऱ्या कुठल्याही संगणकाला पिंग केले की सगळे शांत. नोंदींमध्ये 'ट्रान्समिट टाइम्ड आउट' अशा अर्थाची ओळ पुन्हा पुन्हा येत होती. मी पहिले दोन शब्द वाचले आणि केबलच्या मागे लागलो. केबल खराब असती तर आठही संगणक बंद पडायला हवे होते, एवढा साधा विचारही केला नाही. टी-जोड बदलला. फरक नाही. मग कार्डच बिघडले असे ठरवले. आणि झाकण कोणी उघडले होते?

मी त्या मुलाला वर्गात उभे केले. 'मी कार्डाला हात लावला नाही सर,' तो म्हणाला. मी म्हणालो, 'हात न लावता कार्ड बिघडतं का?' वर्ग हसला. त्याला मी संगणक कक्षात यायची बंदी केली आणि वडिलांना चिठ्ठी पाठवली. वडिलांचे दांडिया बाजारात शिवणकामाचे दुकान होते.

आठ-दहा दिवसांनी, शनिवारी शाळा सुटल्यावर, मी पुन्हा सहा नंबरसमोर बसलो. नव्या कार्डाच्या खर्चासाठी विश्वस्तांकडे अर्ज करायचा होता, त्यात बिघाड नीट लिहायचा म्हणून. या वेळी ती ओळ शेवटपर्यंत वाचली. पुढे लिहिले होते: 'लॉस्ट इंटरप्ट?' प्रश्नचिन्हासकट.

मुलांसाठी थोडे सांगतो. आमची कार्डे नॉव्हेल कंपनीच्या एनई २००० कार्डाच्या स्वस्त नकला होत्या. अशा जुन्या आयएसए कार्डाला दोन गोष्टी ठरवून द्याव्या लागत. एक, प्रोसेसरने कार्डाशी कुठल्या पत्त्यावर बोलायचे, आणि दोन, कार्डाने प्रोसेसरचे लक्ष कुठल्या तारेवरून वेधायचे. वर्गात हात वर करावा तसे. या तारांना आयआरक्यू म्हणतात, त्यांचे क्रमांक शून्य ते पंधरा. कीबोर्डची एक, फ्लॉपीची सहा, अशी वाटणी असते. आमच्या कार्डांवर हा क्रमांक छोट्या जंपरने, म्हणजे दोन पिनांवर बसवायच्या टोपीने ठरे, आणि तोच लिनक्सच्या मॉड्यूल्स डॉट कॉन्फ या फाइलमध्ये लिहावा लागे. सहा नंबरमध्ये साउंड कार्ड होते, पाचवी तार त्याची. म्हणून तिथल्या नेटवर्क कार्डाला मी दहावी दिली होती आणि फाइलमध्ये दहा लिहिले होते.

प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स ही फाइल उघडली. त्यात कोणत्या तारेवर किती इशारे आले ते मोजलेले असते. कीबोर्डचे हजारो. दहाव्या तारेवर नेटवर्क कार्डाचा एकही नाही. शून्य. म्हणजे कार्ड हात वर करत होते, पण प्रोसेसर भलत्याच बाकाकडे बघत होता.

मग मी कार्ड सुरू होतानाच्या ओळी पाहिल्या. तिथे कार्डाचा कायमचा बारा अक्षरी पत्ता छापला जातो. आठही पत्ते मी माझ्या वहीत लिहून ठेवले होते. वही काढली. सहा नंबरमध्ये दिसणारा पत्ता तीन नंबरच्या कार्डाचा होता.

सुट्टीत धूळ साफ करायला मीच सगळी कार्डे काढली होती. ब्रशने पुसून परत बसवताना तीन आणि सहाची अदलाबदल झाली होती. माझ्याच हातून.

रविवारी सकाळी मी दुकानात गेलो. त्याच्या वडिलांनी मशीन थांबवले, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी सगळे सांगितले आणि माफी मागितली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'सर, तुम्ही मोठे आहात, माझी माफी कशाला? पण पोराला वर्गात बोललात ना, तर वर्गातच सांगा.'

सोमवारी सांगितले. सोपे नव्हते. मी फळ्यावर दोन्ही संगणक काढले, कार्डे काढली आणि चूक कोणाची ते नाव घेऊन, म्हणजे माझे नाव घेऊन, सांगितले. वर्गात कोणी हसले नाही. तो मुलगा खाली मान घालून बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने हात वर केला. 'सर, कार्डं दोन्हीकडची बदलली, मग तीन नंबर कसा चालला?'

हा प्रश्न मला आदल्या दोन दिवसांत सुचला नव्हता. आम्ही दोघांनी मिळून तीन नंबरची फाइल उघडली. तिथे मी आळसाने फक्त पत्ता लिहिला होता, तारेचा क्रमांक लिहिलाच नव्हता. न सांगितल्यास ड्रायव्हर स्वतः शोधतो, आणि त्याने दहावी तार बरोबर शोधली होती. सहा नंबरमध्ये मात्र मी ठामपणे दहा सांगितले होते, म्हणून त्याने तपासलेच नाही.

कार्डे त्याच्याच हातून परत बदलून घेतली. पिंग केले, उत्तरे येऊ लागली. तो कक्षात नियमित यायला लागला, पण दहावीपर्यंत सहा नंबरवर बसला नाही. मीही कधी बस म्हटले नाही.

ते संगणक कधीच भंगारात गेले. नवीन यंत्रांत आयएसएच्या खाचाही नाहीत आणि तारांची वाटणी प्रणाली आपली आपण करते. वही मात्र अजून माझ्याकडे आहे. तीन आणि सहाच्या पानांवर त्या मुलाने कार्डांच्या जंपरची चित्रे काढून दिली आहेत, आणि ती माझ्या अक्षरापेक्षा सुबक आहेत.